कुणाच्या सहीची यादी?

भाचीची सुपारी फुटली, त्याच संध्याकाळी तिनं एका महिला मासिकाचा विवाह विशेषांक माझ्या हातात ठेवला. "मावशी, यातली यादी बघ आणि आपलं काय राहिलंय ते सांग," म्हणाली. यादीसाठी म्हणून उघडलेला अंक मी दोन दिवस वाचत बसले. मग शेजारणीकडून, पार्लरमधून, मंगल कार्यालयाच्या टेबलावरून तसलेच आणखी तीन-चार जमवले. कथा-कादंबऱ्यांवर आपण एवढं बोलतो. पण घरातल्या लग्नाच्या वेळी बायका जे खरोखर पान पान वाचतात, त्यावर कुणी बोलत नाही. म्हणून लिहिते.

आधी चांगलं सांगते. या अंकांनी कामाला क्रम दिला. हॉल कधी धरायचा, बस्ता कधी बांधायचा, पत्रिका छापायला कधी टाकायच्या, ब्लाउज शिवून कधी हातात हवेत, सगळं महिन्यांच्या हिशेबानं मांडलेलं असतं. आमच्याकडं हे सगळं एखाद्या काकूच्या नाहीतर आक्काच्या डोक्यात असायचं, आणि ती बाई महिनाभर धड झोपायची नाही. तिच्या डोक्यातलं कागदावर आलं हे उपकारच. पाहुण्यांनाही चार शब्द शहाणपणाचे सांगितलेले असतात: वेळेवर या, अंतरपाट धरलेला असताना मोबाइल घेऊन पुढं घुसू नका, ताटात मावेल तेवढंच घ्या. यात वावगं काही नाही.

पण पान पान वाचल्यावर एक गोष्ट खटकायला लागली. या लिखाणातली नवरी काय काय करते ते मी पेन्सिलनं अधोरेखित केलं. ती दिसते, खुलते, उजळते, उठून दिसते. विचारते, ठरवते, मोजते, सही करते असं वाक्य चार-पाच अंकांत मिळून सापडलं नाही. पैशाचं पान असतं, पण तिथं 'बजेट' हा शब्द एकटाच उभा असतो. कुणाचं बजेट? बापानं शेत गहाण टाकून केलेलं, की दोघांच्या पगारातलं? ते कुणी सांगत नाही. 'हा तुमचा दिवस' असं नवरीला दहादा सांगितलंय. त्या दिवसानंतर तिचं काय, यावर ओळ नाही.

दुसरं खटकलं ते वेळापत्रक. संध्याकाळी गोरज मुहूर्त, सातला रिसेप्शन, साडेआठला जेवण, असा नमुना छापलेला असतो आणि आपणही तो जसाच्या तसा उचलतो. सूर्यास्तानंतर न जेवणाऱ्या घरात हे कसं बसणार? मग आजीला आणि मोठ्या काकूंना पाच वाजता कुठल्यातरी खोलीत घाईघाईनं वाढायचं, आणि राबणाऱ्या बायकांपैकी जिचा नियम आहे तिनं उपाशीच झोपायचं. परवा एका लग्नात, जैनांच्याच बरं का, कोपऱ्यात 'जैन काउंटर' अशी पाटी बघितली. आपल्याच मांडवात आपण पाहुणे! सकाळी अक्षता आणि दुपारी पंगत, एवढं केलं तरी हा प्रश्न सुटतो. रोषणाईचा खर्चही वाचतो. पण दुपारच्या उन्हात फोटो चांगले येत नाहीत, असं एका अंकात लिहिलेलंच आहे.

हे सगळं तरी सोसता येतं. मला खरं बोलायचंय ते याद्यांवर.

आपल्या बेळगाव, निपाणी, चिकोडी भागात 'याद्या' म्हटलं की सामानाची यादी कुणाच्या मनात येत नाही. याद्या झाल्या म्हणजे लग्न पक्कं झालं. दोन्हीकडची चार वडीलधारी माणसं बसतात आणि मुलीला कुणी किती सोनं घालायचं, मुलाचे कपडे कुणी करायचे, हॉल कुणाचा, जेवण कुणाचं, मानपान कसं, ते कागदावर उतरवतात. खाली सह्या करतात. हुंड्याचा आकडा असलाच तर तेवढा कागदावर येत नाही, तो तोंडी असतो. घाई असेल तर त्याच बैठकीत अक्षता टाकून मोकळे होतात, 'यादी पे शादी'. या कागदावर कुणाच्या सह्या असतात ते आठवून बघा. बापाची, सासऱ्याची, मामाची, गावच्या पाटलाची. जिचं लग्न, ती आत चहाचे कप भरत असते.

माझ्या आत्याच्या याद्या माझ्या आजोबांनी जपून ठेवल्या होत्या. लग्नानंतर पंधरा-सोळा वर्षांनी तिचे यजमान गेले. पुढं दिरांच्या वाटण्या झाल्या, तेव्हा तिच्या दागिन्यांचा प्रश्न निघाला. दागिने पहिल्यापासून सासूच्या कपाटात. पाटल्या कुठल्या, गोठ कुठले, चंद्रहार माहेरचा की सासरचा, कुणी सांगेना. आजोबांचा कागद काढला, तर त्यात एकच ओळ: 'सोने आठ तोळे'. वस्तूचं नाव नाही, कुणी घातलं ते नाही. गंमत अशी की त्याच ट्रंकेत आहेराची वही होती. कुणाचे पाच रुपये, कुणाचं पातेलं, कुणाचा खण, सगळं नावानिशी, कारण ते फेडायचं असतं. पाहुण्यांच्या पातेल्याची नोंद तीस वर्षं टिकली आणि नवरीच्या चंद्रहाराची झालीच नाही.

आत्याला शेवटी काय सांगितलं? "आता तुला दागिने कशाला? धर्मध्यान कर." आणि आम्हीही, शिकल्यासवरल्या, तिच्या वैराग्याचं कौतुक केलं. मला आज त्याची लाज वाटते. पाच अणुव्रतांतलं परिग्रह-परिमाण आपण प्रवचनात ऐकतो. शेत, घर, सोनं, चांदी, धन, धान्य, यांची श्रावकानं, श्राविकेनं आपण होऊन मर्यादा बांधायची. पण मर्यादा कशाला बांधणार? आपल्या मालकीच्या वस्तूला. मुळात माझं काय आहे हेच जिला माहीत नाही, ती सोडणार काय? आत्यानं त्याग केला नव्हता. तिच्याकडून काढून घेतलं होतं आणि त्याला त्यागाचं नाव दिलं होतं. सोन्याचा हिशेब ठेवणारी बाई लोभी, असं म्हणणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यावा.

आता ती यादी सांगते, जी एकाही विशेषांकात मला सापडली नाही. हुंडाबंदीचा कायदा 1961 चा. त्याखाली केंद्र सरकारनं 1985 मध्ये नियम केले, लग्नात मिळालेल्या भेटींची यादी कशी ठेवायची त्याचे. नवरीला मिळालेल्या भेटींची यादी नवरीनं ठेवायची, नवऱ्याची नवऱ्यानं. लग्नाच्या वेळीच किंवा त्यानंतर होईल तितक्या लवकर ती करायची. त्यात वस्तूचं थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, नातलग असेल तर नातं. आणि खाली दोघांच्या सह्या. सही येत नसेल तर यादी वाचून दाखवायची, मग अंगठा घ्यायचा, आणि ज्यानं वाचून दाखवली त्याचीही सही घ्यायची. एवढा बारीक विचार केलाय. न मागता दिलेली भेट हुंड्यात धरली जात नाही, पण त्यासाठी ती अशा यादीत यावी लागते. त्याच 1985 साली सर्वोच्च न्यायालयानं प्रतिभा राणीच्या खटल्यात सांगितलं की स्त्रीधन बाईचंच. सासरच्यांकडं ते ठेवलेलं असलं तरी ते फक्त सांभाळणारे, मालक नव्हेत. पण सांभाळायला काय दिलं होतं, हे दाखवायला कागद लागतोच.

याद्यांच्या कागदात आणि या यादीत हाच फरक आहे. तिथं घराण्यांच्या सह्या, इथं नवरीची. 1899 साली स्तवनिधीला दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली तेव्हापासून आपला समाज शिक्षणाचं नाव घेतोय. लेकी डॉक्टर झाल्या, इंजिनिअर झाल्या. अंगठ्याची अट आता आपल्याला लागू नाही. मग सही करायला कचरतो कशाला?

हे मी भाचीला सांगितलं तेव्हा तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, घाबरली. "आक्का, ते लोक म्हणतील, विश्वास नाही काय आमच्यावर?" मी म्हटलं, "आहेराच्या वहीत काकांचे एकावन्न लिहितेस, तेव्हा काकांवर अविश्वास असतो होय?" ती काही बोलली नाही. पटलंय असंही नाही.

भाचीनं मात्र एक साधी दोनशे पानी वही आणलीय. वस्तू, वजन, किंमत, कुणी दिलं, नातं, असे पाच रकाने पाडलेत. सोनाराच्या पावत्यांच्या झेरॉक्स मागच्या पानांना चिकटवल्यात. नवऱ्या मुलाशी फोनवर बोलली. तो म्हणाला, "माझीपण करायची ना? मग कर, सही करतो." त्याच्या वडिलांना अजून सांगायचंय. लग्न पुढच्या महिन्यात आहे, सकाळच्या मुहूर्तावर, आणि जेवण दुपारी. मैत्रिणींनो, तुमच्या घरात लग्न असेल तर विशेषांकातली यादी जरूर वापरा, ब्लाउज वेळेवर मिळतील. त्याखाली एवढी एक वही वाढवा, आणि पेन नवरीच्या हातात द्या.