अजिंक्य जंजिरा आणि आमची प्रवासवर्णने

जंजिऱ्यावर मराठीत लिहिली गेलेली पंधरा-वीस लहानमोठी प्रवासवर्णने सलग वाचण्याचा योग गेल्या उन्हाळ्यात आम्हांस आला. त्यांतील काही दिवाळी अंकांतील आहेत, काही मासिकांतील, तर काही सहलीच्या पुस्तकांतील. लेखक निरनिराळे, काळ निरनिराळा. परंतु वाचून होताच मनावर जो ठसा उमटला तो एकाच कुंभाराच्या चाकावरून उतरलेल्या मडक्यांचा. राजपुरीच्या धक्क्यावर होडीत बसावयाचे. शिडात वारा भरला की मनही भरून यावयाचे. तट अगदी जवळ येईपर्यंत दरवाजा दिसत नाही ह्याचे आश्चर्य करावयाचे. दरवाजावरील शिल्पातले हत्ती मोजावयाचे. कलाल बांगडी तोफेवर हात फिरवावयाचा. चोहोंकडे खारे पाणी असता आत गोड्या पाण्याचे तलाव कसे, असा प्रश्न विचारावयाचा. आणि शेवटी पश्चिमेस पद्मदुर्गाकडे पाहून एक सुस्कारा टाकावयाचा. मग ‘अजिंक्य’ हा शब्द येतो आणि लेख संपतो.

ह्या वर्णनांत असत्य असे फारसे नाही. होडी खरी, तोफ खरी, तलावही खरे. आमचा आक्षेप निराळा आहे. ‘अजिंक्य’ हे विशेषण वरवर जंजिऱ्याचे दिसते; वस्तुतः ते आमचे आहे. आम्हांस जे साधले नाही त्याचे ते नाव होय. एखाद्या गावाचे वर्णन करताना ‘येथे आमची सोयरीक जमली नाही’ एवढेच जर कोणी सांगू लागला, तर ऐकणाऱ्याला सांगणाऱ्याची हळहळ कळेल, पण गाव कळणार नाही. जंजिऱ्याच्या बाबतीत आमच्या लेखकांनी नेमके हेच केले आहे. पाहावयास गेले ते एक बेट, आणि पाहून आले ते आपलेच शल्य.

मग त्या बेटावर पाहण्यासारखे होते तरी काय? प्रथम, हे बेट मुळात सिद्द्यांचे नव्हे आणि मराठ्यांचेही नव्हे, ते कोळ्यांचे. चाचेगिरीपासून बचाव व्हावा म्हणून राम पाटील ह्या कोळ्यांच्या नायकाने येथे लाकडी मेढेकोट उभारला, आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस निजामशाहीच्या पिरमखानाने व्यापाऱ्याचे सोंग घेऊन तो कपटाने घेतला, अशी परंपरा आहे. म्हणजे ज्याला आपण अजिंक्य म्हणतो तो किल्ला आरंभीच एकदा जिंकला गेला होता. फक्त हरणारे कोळी होते, म्हणून ती हार आमच्या हिशेबात धरली गेली नाही. ‘जंजिरा’ हा शब्दही बेट ह्या अर्थाच्या ‘जझीरा’ ह्या अरबी शब्दावरून आला आहे. पुढे येथे नांदले ते सिद्दी, म्हणजे आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून दख्खनेत आलेले हबशी. त्यांच्यापैकी कित्येकांचे पूर्वज गुलाम म्हणून विकले गेले होते. गुलामांच्या वंशात जन्मलेल्या माणसांनी परक्या समुद्रात एक लहानसे राज्य उभे करावे, आदिलशाही, मोगल, मराठे, पोर्तुगीज व इंग्रज ह्यांच्या दाटीत ते राखावे आणि 1948 साली भारतात विलीन होईपर्यंत चालवावे, ही जगाच्या इतिहासात सहसा न आढळणारी गोष्ट आहे. आमच्या प्रवासवर्णनांत तिला एखादी ओळ मिळाली तर मिळाली.

येथे कोणी म्हणेल की, सिद्द्याचे गोडवे गाण्याचे आम्हांस कारण काय? कोकणच्या रयतेला त्याने थोडे का छळले? हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. सिद्द्याच्या आरमाराने किनाऱ्यावरची गावे लुटली, माणसे धरून नेली. 1727 साली सिद्दी साताने परशुरामाचे देवस्थान लुटले, आणि 1736 साली चिमाजी आप्पांशी झालेल्या लढाईत तो मारला गेला. शिवाजी महाराजांनी जंजिऱ्यासाठी पुन्हा पुन्हा खटपट केली आणि संभाजी महाराजांनी 1682 साली राजपुरीकडून खाडीत भर घालण्याचे काम आरंभिले, ते उगाच नव्हे. परंतु ह्याच इतिहासाचे दुसरे पान असे की, पेशव्यांचे भट घराणे मूळचे श्रीवर्धनचे, आणि श्रीवर्धन सिद्द्याच्या अमलातले. भटांकडे तेथील देशमुखीचे वतन होते. म्हणजे ज्या घराण्याने पुढे अटकेपर्यंत फौजा नेल्या, ते एके काळी जंजिऱ्याच्या मुलखातले वतनदार होते. वैर आणि वहिवाट अशी एकाच अंगणात नांदत होती. जो लेखक केवळ वैर सांगतो तो अर्धे सांगतो. आणि जो ‘सर्वधर्मसमभावाचे प्रतीक’ एवढे म्हणून मोकळा होतो, तोही अर्धेच सांगतो.

हा विचार आम्हांस कोकणात बसून सुचला नसता. आमचे आयुष्य बल्लारपुरात गेले. आणि समुद्र येथून जितका दूर तितकाच जंजिराही दूर. तरीही त्या दरवाजावरील शिल्पाची छायाचित्रे पाहताना आम्हांस परके असे काही वाटले नाही. पंजांखाली हत्ती दाबून उभा असलेला तो पशू आमच्या नित्य परिचयाचा आहे. येथून पाच कोसांवर चंद्रपूरच्या गोंड राजांनी बांधलेल्या परकोटाच्या वेशींवर हत्तीवर चढलेला सिंह कोरलेला आहे, आणि तेच त्या राजवंशाचे चिन्ह होते. गोंडांनी ते सिद्द्यांकडून घेतले किंवा सिद्द्यांनी गोंडांकडून, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. दख्खनच्या पुष्कळ दुर्गांवर हा पशू आढळतो. मौज आहे ती वाचण्याच्या रीतीत. जंजिऱ्यावर तोच सिंह आमच्या लेखकांस उद्दाम वाटतो, कारण त्याच्या पंजाखालील हत्तींत ते स्वतःस पाहतात. चंद्रपूरच्या वेशीखालून ते डबा-बाटली घेऊन निघून जातात आणि त्यांस काहीच वाटत नाही.

वाटावे असे मात्र तेथे पुष्कळ आहे. वर्धेच्या काठचा बल्लारपूरचा किल्ला खांडक्या बल्लाळशहा ह्या गोंड राजाचा. गावाचे आणि ‘बल्लारशाह’ ह्या आमच्या रेल्वे स्थानकाचे नाव त्याच्याच नावावरून पडले. 1751 साली नागपूरकर रघूजी भोसल्यांनी चांद्याचे राज्य खालसा केले आणि शेवटचा गोंड राजा नीळकंठशहा ह्यास ह्याच किल्ल्यात कैदेत ठेवले. जंजिऱ्यापुढे जो झेंडा हरला तोच येथे जिंकला होता. जंजिऱ्याला ‘अजिंक्य’ म्हणून उसासे टाकणाऱ्या आमच्या वाङ्मयात जिंकलेल्या बल्लारपुरासाठी कोणता शब्द आहे? आम्ही शोधला, सापडला नाही. सापडले ते एवढेच की, येथे कागदाची गिरणी आहे, कोळशाच्या खाणी आहेत, आणि दक्षिणेकडे जाताना गाडी येथे बराच वेळ थांबते म्हणून चहा घेण्याची सोय होते.

दोष दुसऱ्यांचा दाखविताना स्वतःचा झाकून ठेवणे टीकाकारास शोभत नाही. पंचवीस वर्षांपूर्वी आम्हीही ह्या किल्ल्यावर एक लेख लिहिला होता. त्यात नदी होती, संध्याकाळ होती, पडक्या तटावर उगवलेला पिंपळ होता, आणि ‘काळाच्या उदरात गडप झालेले वैभव’ ह्या जातीची दोन-तीन वाक्ये होती. तो लेख आम्ही वर्गात वाचून दाखविला. तास संपल्यावर मागच्या बाकावरचा एक गोंड विद्यार्थी आमच्यापाशी आला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, “सर, आमच्या राजाला कोणत्या खोलीत ठेवलं होतं, ते तुम्ही लिहिलं नाही.” त्या बोलण्यात तक्रार नव्हती, आम्ही ते विसरलो असू, एवढाच त्याचा समज होता. आम्ही विसरलो नव्हतो. नीळकंठशहाची हकीकत आम्हांस ठाऊक होती. ती लेखाच्या सुरात बसेना, म्हणून आम्ही ती गाळली होती. ज्याला आपण शैली म्हणतो ती पुष्कळदा अशा गाळण्यानेच साधते, हे त्या दिवशी आम्हांस प्रथम उमगले. जंजिऱ्याच्या वर्णनांत जे गाळले गेले ते ओळखण्याची दृष्टीही तेथूनच आली.

मग प्रवासवर्णनाने करावे काय? मराठीत ह्याचा वस्तुपाठ फार पूर्वी घालून दिलेला आहे. विष्णुभट गोडसे हे वरसईचे, म्हणजे जंजिऱ्याच्याच रायगड जिल्ह्यातले, गरीब भिक्षुक. बायजाबाई शिंदे ह्यांच्या यज्ञाची दक्षिणा मिळावी ह्या आशेने ते 1857 साली उत्तरेस निघाले आणि बंडात सापडले. त्यांचा ‘माझा प्रवास’ 1907 साली छापून निघाला. झाशीसारखी जागा, राणीसारखी व्यक्ती आणि प्रलयासारखा प्रसंग. सुस्कारे टाकावयास ह्याहून अधिक काय हवे? परंतु गोडसेभटजी सुस्काऱ्यांत रमत नाहीत. कोण कोठे राहत होते, काय खात होते, शहर लुटले जाताना माणसे कशी वागली, आपण स्वतः कसे भ्यालो, हे ते सांगतात. स्वतःची भीती ज्याने लपविली नाही त्याला इतरांची दिसली. आमच्या आजच्या लेखकांजवळ भाषा अधिक सफाईची आहे. उणीव आहे ती ह्या नजरेची.

अर्ध्या दिवसाच्या सहलीत इतके कोठून साधणार, असे विचारले जाईल. साधावयास फार वेळ लागत नाही. किल्ल्यात विसाव्या शतकातही वस्ती होती. ती माणसे कोठे गेली, एवढे होडीवाल्यास विचारता येते. राजपुरीजवळ खोकरी येथे सिद्दी सरदारांच्या थोरल्या दगडी कबरी आहेत. तेथपर्यंत चालत जाता येते, आणि ज्यांस आपण केवळ शत्रू म्हणून ओळखतो ते आपल्या मृतांस कसे निजवीत, हे पाहता येते. मुरूडच्या कोळीवाड्यात राम पाटलाची गोष्ट अद्याप कोणी सांगतो का, ह्याची चौकशी करता येते. ह्यांपैकी एक गोष्ट जरी केली तरी लेख निराळा होईल. हत्ती मोजून झाल्यावर पुढे लिहावयास काही उरेल.

आम्ही कोणा एका लेखकाचे नाव येथे घेतले नाही, कारण हा दोष एकाचा नाही. तो आम्हां सर्वांच्या वाचनाचाही आहे. वाचकाला सुस्कारा हवा असतो, म्हणून लेखक तो पुरवितो. पुढील दिवाळीत जंजिऱ्यावर आणखी एखादा लेख निघेल ह्यात आम्हांस शंका नाही. त्यात ‘अजिंक्य’ हा शब्द असला तरी आमची हरकत नाही. मात्र तो शेवटचा शब्द नसावा. आमच्यापुरते सांगावयाचे तर आमचा तो जुना लेख आम्ही पुन्हा लिहावयास घेतला आहे. त्या विद्यार्थ्याने विचारलेली खोली आता दाखविता येईल की नाही, हे सांगता येत नाही; तट बराच ढासळला आहे. परंतु लेखाचा आरंभ आम्ही नीळकंठशहापासून केला आहे.