कायद्याच्या वाक्यातील कर्ता

भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई हे गाव मिरचीच्या बाजारासाठी परिचित आहे. जुलै २०१६ मध्ये अशा बाजारांना लागू असलेला कायदा बदलला. फळे व भाजीपाला यांचा व्यापार बाजार समितीच्या आवाराबाहेर नियमनमुक्त करणारा अध्यादेश निघाला, आणि त्याच महिन्यात विधिमंडळाचे पावसाळी अधिवेशनही भरले. हा बदल इष्ट होता की अनिष्ट, हा अर्थशास्त्राचा प्रश्न होय. त्याचे स्वागत करणारे शेतकरीही होते. येथे विचार करावयाचा आहे तो ज्या वाक्याने असा बदल घडतो त्या वाक्याचा.

अध्यादेशाच्या मराठी प्रस्तावनेचा साचा ठरलेला आहे. ज्याअर्थी सभागृहांचे अधिवेशन चालू नाही, आणि ज्याअर्थी तात्काळ कार्यवाही आवश्यक व्हावी अशी परिस्थिती असल्याबद्दल राज्यपालांची खात्री पटली आहे, त्याअर्थी अध्यादेश काढण्यात येत आहे. 'खात्री पटली' या रचनेत क्रियापदाचा कर्ता 'खात्री' हा आहे. राज्यपाल केवळ षष्ठीत उभे आहेत. खात्री पटते, ती कोणी पटविली आणि कशाच्या बळावर, हे सांगण्याची सक्ती ही रचना कोणावरही करीत नाही. वस्तुतः अनुच्छेद २१३ खालील हा अधिकार राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वापरतात. म्हणजे खरा निर्णय घेणारा वाक्यात कोठेच नाही. 'ज्याअर्थी' हे अव्यय कारणाचे आश्वासन देते. त्यामागून येते ते कारण नव्हे, तर कारण असल्याचे निव्वळ विधान. (हा साचा इंग्रजी विधिभाषेतून उचललेला आहे हे खरे, परंतु अनुवादकाने रिकामी जागाही जशीच्या तशी आणावी, हे निष्ठेचे जरा अधिकच झाले.)

ही रिकामी जागा किती काळ वापरता येते, हे पुण्याच्या गोखले संस्थेतील डी. सी. वाधवा यांनी १९८३ मधील ग्रंथात दाखवून दिले. १९६७ ते १९८१ या काळात बिहारमध्ये निघालेल्या २५६ अध्यादेशांपैकी काही तर पुनःपुन्हा काढून दहा वर्षांहून अधिक काळ जिवंत ठेवण्यात आले होते. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा घटनाबाह्य ठरविली. जानेवारी २०१७ मध्ये कृष्णकुमार सिंह खटल्यात अध्यादेश विधिमंडळापुढे ठेवणे बंधनकारक असून राज्यपालांची 'खात्री' न्यायालयीन तपासणीपासून मुक्त नाही, असा निर्णय झाला. व्याकरणाने लपविलेला कर्ता न्यायालयाला शोधावा लागला.

विधेयकाचा मार्ग यापेक्षा उघडा असतो, असे मानण्याकडे अभ्यासकांचा कल असतो. तो काही अंशी योग्य आहे. २०२४ मध्ये मांडलेले महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक संयुक्त समितीकडे गेले, आणि त्यावर बारा हजारांहून अधिक सूचना व आक्षेप आले. मूळ दीर्घ शीर्षकात 'व्यक्ती' आणि 'संघटना' असे दोन्ही शब्द होते. समितीनंतर 'व्यक्ती' गेली आणि कडव्या डाव्या विचारसरणीच्या संघटना असे विशेषण आले. लोकांनी मसुदा वाचला म्हणूनच हा शब्द हलला. अध्यादेशाच्या वाटेत अशा वाचनाला जागाच नसती. परंतु त्या विशेषणाला 'किंवा तशाच संघटना' अशा अर्थाची पुस्तीही जोडण्यात आली. अलंकारशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर येथे उपमान आहे, साधारण धर्म मात्र नाही. कोणत्या गुणाने 'तशाच', हे ठरविणे शासनाच्या मतावर सोपविले गेले. विशेषणाने आवळलेली गाठ पुस्तीने सैल केली, असा याचा अर्थ होतो.

१० जुलै २०२५ रोजी विधानसभेने आणि दुसऱ्या दिवशी विधान परिषदेने हे विधेयक आवाजी मतदानाने संमत केले. आवाजी मतदानात सदस्यवार मतांची नोंद राहत नाही. कार्यवृत्तात उरते ते 'विधेयक संमत झाले' एवढेच वाक्य. 'खात्री पटली' याच घडणीचे, अकर्मक. आपल्या प्रतिनिधीने कोणत्या बाजूला आवाज दिला, हे पिंपळगाव रेणुकाईच्या मतदाराला त्या वाक्यातून काढता येत नाही.