दुखणं उतरवायचं की सांभाळायचं?

मागच्या वेळी प्रश्नोत्तरांत एका श्रोत्यांनी विचारलं होतं, "भगताकडे जाणाऱ्या माणसाला तुम्ही अडाणी म्हणता की नाही? हो किंवा नाही, एवढंच सांगा." एवढ्यात सांगता आलं असतं तर आजचं व्याख्यान ठेवावंच लागलं नसतं. आज तोच प्रश्न घेऊन बसू.

मुलूख जव्हार-मोखाड्याचा. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी यांचा. बाहेरच्यांना जव्हार आठवतं ते १९९२ मधल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंमुळे, नाहीतर बोहाड्याच्या मुखवट्यांमुळे. म्हणजे एकतर कीव, नाहीतर कौतुक. इथल्या भगताविषयी आणि झाडपाल्याविषयी जे लिहिलं जातं तेही याच दोन सुरांत. एक पक्ष म्हणतो, सगळी अंधश्रद्धा, बंद करा. दुसरा म्हणतो, पूर्वजांचं ज्ञान, जपा. आमचा आक्षेप दोघांवर एकच आहे: दुखणं कोणत्या प्रकारचं, हे दोघंही विचारत नाहीत.

काही दुखणी येतात आणि जातात. काही येतात ती राहायलाच. भगताची सगळी रीत पहिल्या प्रकारासाठी बेतलेली आहे. तो तांदळाचे दाणे टाकून पाहतो आणि कारण सांगतो: देव कोपला, पितर नाराज झाले, बाहेरची बाधा झाली, नाहीतर कुणी करणी केली. मग नारळ, कोंबडं, उतारा. 'उतारा' हा शब्दच बघा ना. काहीतरी अंगात शिरलंय, ते उतरवायचं, वेशीबाहेर टाकायचं, की संपलं. साधा ताप चार-पाच दिवसांत आपला आपणच उतरतो, आणि श्रेय नारळाला मिळतं. आपण शहरातली माणसं सर्दीवर गोळ्या घेतो, त्यांचं यश बरंचसं असंच असतं, तेव्हा हसायचं कारण नाही.

आता दुसऱ्या प्रकारचं दुखणं घ्या. सिकलसेल घ्या. पालघरच्या आदिवासी पाड्यांतही त्याचे रुग्ण आहेत. हा रक्ताचा आनुवंशिक आजार. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं-सांधे असह्य दुखतात. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. थंडी वाजली, पाणी कमी पडलं, ताप आला, अतिश्रम झाले की कळा सुरू होतात, काही दिवसांनी ओसरतात, पुन्हा येतात.

अशा दुखण्यावर उतारा केला तर काय होतं? कळा ओसरल्या, म्हणजे उतारा लागू पडला. महिन्याभरात परत आल्या, म्हणजे कारण दुसरंच होतं. पुन्हा दाणे, पुन्हा कोंबडं, पुन्हा कर्ज. देव झाले, पितर झाले. कारणं संपत येतात आणि दुखणं तर संपत नाही. मग उरतो माणूस. पाड्यातली एखादी विधवा, एखादी एकटी बाई. तिला भुताळी ठरवलं जातं. भगत दुष्ट असायची गरजच नाही. जे दुखणं संपणारं नाही त्याला संपवणारं कारण शोधत राहिलं, की शोध कुणाच्या तरी दारात जाऊन थांबतो.

तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी इथं इव्हान्स-प्रिचर्ड यांचं नाव घेतील. अझांदे लोकांवरचा त्यांचा ग्रंथ १९३७ चा. त्यातलं धान्याच्या कोठाराचं उदाहरण आम्ही वर्षानुवर्षं वर्गात शिकवलं. कोठार पडलं, खाली बसलेली माणसं जखमी झाली. खांब वाळवीनं खाल्ले होते हे अझांदेंना ठाऊक असतं. पण नेमकी हीच माणसं खाली असताना ते का पडलं, याचं उत्तर ते चेटकात शोधतात. म्हणजे 'कसं' आणि 'मलाच का' हे दोन प्रश्न वेगळे. हे मोलाचं आहे, आणि आम्हाला मान्य आहे.

पण आज आम्हाला त्यात एक उणीव दिसते. कोठार एकदाच पडतं. सिकलसेलच्या पोराचं कोठार दर थंडीत पडतं. उपाय फसला तरी श्रद्धा का टिकते, हेही त्या ग्रंथात बारकाईनं सांगितलंय. पण तो फसलेला उपाय कुणाच्या अंगावर पडतो, हा प्रश्न आम्ही वर्गात कधी विचारलाच नाही. अझांदेंमध्ये संशयित माणसासमोर कोंबडीचा पंख ठेवतात, तो त्यावर पाण्याची चूळ फुंकतो, माझ्याकडून काही झालं असेल तर ते निवो असं म्हणतो, आणि बहुधा प्रकरण मिटतं. नाव आलेल्याला परत यायची वाट आहे. आपल्याकडे भुताळी ठरलेल्या बाईला ती वाट कुठाय?

म्हणून २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आम्ही महत्त्वाचा मानतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला खून झाला, त्यानंतर तो अध्यादेश म्हणून आला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळात मंजूर झाला. कुणाला करणी करणारा ठरवून त्याचं जगणं मुश्कील करणं हा त्यात गुन्हा आहे. साप, विंचू, कुत्रा चावल्यावर दवाखान्यापासून अडवणं हाही. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. पण कायदा नाव घेणाऱ्याला पकडेल. नाव घ्यावंसं वाटण्याचं मूळ, ते परत परत येणारं दुखणं, त्याच्या कक्षेत येत नाही.

ते दुखणं सांभाळतं कोण? मोखाड्याच्या बाजूला एका घरी आम्ही बसलो होतो. आजी नातवाच्या गुडघ्यांना निर्गुडीचा पाला गरम करून शेक देत होती. चुलीपाशी नागलीची आंबील होती. आम्ही विचारलं, "यानं जातं का हो?" म्हणाली, "जात नाही ते, गुरुजी. थंडी आली की परत येतं. तवर निजवून ठेवायचं." पोराला उबेत ठेवणं, आंबील-पाणी पाजत राहणं, ओझं उचलू न देणं, हेच तर डॉक्टरही सांगतात. भगत दुखणं उतरवू पाहतो, आजी ते सांभाळते.

याचा अर्थ झाडपाला म्हणजे औषधच, असा नाही. शेक वेगळा, पोटात घ्यायचा काढा वेगळा. कोविडच्या काळात घरोघरी गुळवेल प्यायली गेली. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी अशा काही रुग्णांत यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं, आयुष मंत्रालयानं तो निष्कर्ष मानला नाही. वाद काहीही असो, 'नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी' हे प्रमेय चूक आहे. आणि काढ्यासाठी हायड्रॉक्सियुरिया किंवा फेफऱ्याच्या गोळ्या थांबवल्या, तर ते सांभाळणं राहत नाही.

पण दवाखान्यालाही एक प्रश्न विचारायला हवा. पाच दिवसांच्या गोळ्या आणि 'बरं वाटेल' एवढंच सांगून रुग्णाला परत पाठवलं, तर तोही पांढऱ्या कागदावरचा उताराच झाला. हे आयुष्यभराचं आहे, इतकं स्पष्ट बोलायला वेळ लागतो, आणि ज्या घराला ते कुणी सांगितलेलं नसतं ते घर दाण्यांकडे परत जातं.

तेव्हा श्रोत्यांना उत्तर. अडाणी? नाही. 'मलाच का' हा प्रश्न रास्त आहे. विज्ञानाकडे त्याचं उत्तरही आहे: आई आणि वडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. पण हेच उत्तर अर्धवट सांगितलं तर घरात काय ऐकू येतं? 'सुनेच्या रक्तातून आलं.' झालं, पुन्हा बाईचंच नाव! रक्ततपासणीच्या कागदानंही भुताळी ठरवता येते, मंडळी. म्हणून ते उत्तर नवरा-बायकोला शेजारी बसवून द्यायचं. दोघांकडून आलं, दोष कुणाचाच नाही, आणि आता हे असं असं सांभाळायचं.

उपाय कुठलाही असो, तो जपत असेल तर तपासून ठेवावा. त्यातून कुणाचं नाव निघत असेल, तर तो कितीही जुना असो वा नवा, तिथंच थांबवावा.

आम्हीही इथं थांबतो. प्रश्न असतील तर विचारा. हो-नाहीतले सोडून.