‘स्मृतिचित्रे’ : कृपा आणि सदाचार

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’तील विनोद सर्वमान्य आहे, परंतु त्यामागील धर्मजाणिवेकडे रसिकांचे दुर्लक्ष झाले, असे आम्हांस वाटते. वर्गात हे उतारे शिकविताना आम्हीही केवळ हंशावर समाधान मानले, हा आमचाही दोष होय.

ख्रिस्ती धर्मविचारात ईश्वरी कृपा हे सत्कृत्यांचे वेतन नव्हे. ते अयाचित दान आहे. मग सदाचाराची धडपड कशासाठी? लक्ष्मीबाई या प्रश्नाला प्रवचनाने उत्तर देत नाहीत. १८९५ मध्ये पतीने बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्यावर आकाशच कोसळले. पुढे जातिभेद मनुष्यकृत आहे असे अंतर्यामी पटताच त्यांनी सोवळे सोडले. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १९०० मधला, म्हणजे त्यानंतरचा. आचरण आधी पालटले, संस्कार मागाहून आला. तथापि या पालटाचे श्रेय त्या स्वतःकडे घेत नाहीत. आपल्या जुन्या कर्मठपणाकडेही मिस्किलपणे पाहतात. सदाचार हे कृपेचे मोल नव्हे, फळ होय, हेच त्यातून प्रत्ययास येते. पुण्य स्वकष्टार्जित मानणाऱ्यास स्वतःवर हसता येत नाही. लक्ष्मीबाईंना ते साधले, म्हणूनच त्यांच्या विनोदास आम्ही कृपेची खूण समजतो.