माळगावकरांच्या कादंबऱ्यांतील ‘आपण’ आणि ‘आम्ही’

मराठी मुलखाशी ज्याचे नाते घराण्यापासूनचे आहे, ज्याने सैन्यात अधिकारपद भूषविले आहे आणि अरण्याशी ज्याची ओळख केवळ सहलीपुरती नाही, असा कादंबरीकार आपल्याकडे शोधू गेल्यास एकच ठळक नाव पुढे येते, ते मनोहर माळगावकर (१९१३–२०१०) यांचे. त्यांनी लिहिले मात्र इंग्रजीत. त्यामुळे मराठी समीक्षेने त्यांना इंग्रजीच्या प्राध्यापकांच्या स्वाधीन केले, आणि त्या मंडळींनी कथनाचा वेग, रचनेची सफाई आणि साम्राज्याचा अस्त या तीन मुद्द्यांपलीकडे सहसा पाहिले नाही. सामान्य मराठी वाचक त्यांना ओळखतो तो बहुधा ‘कान्होजी आंग्रे’चा कर्ता म्हणून, आणि तेही पु. ल. देशपांडे यांनी त्या ग्रंथाचे भाषांतर केले म्हणून. म्हणजे आपल्या वाङ्मयात माळगावकर आले ते आरमाराचे इतिहासकार होऊन. पलटणीचा कादंबरीकार सीमेबाहेरच राहिला.

प्रस्तुत टिपणात त्यांच्या समग्र लेखनाचा परामर्श घेण्याचा हेतू नाही. एका अगदी लहान व्याकरणिक गोष्टीच्या आधाराने त्यांच्या युद्धविषयक आणि अरण्यविषयक लेखनाकडे पाहावे, एवढाच मर्यादित उद्देश आहे. ती गोष्ट म्हणजे उत्तमपुरुषी अनेकवचनी सर्वनाम.

प्रथम लेखकाविषयी आवश्यक तेवढे सांगितले पाहिजे. माळगावकरांचे शिक्षण धारवाडच्या कर्नाटक महाविद्यालयात झाले. आजोबा देवास संस्थानात दिवाण होते; संस्थानी जीवनाची माहिती त्यांना पुस्तकांतून मिळवावी लागली नाही. पदवीनंतर काही काळ त्यांनी मोठ्या शिकारीचा व्यवसाय केला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते मराठा लाइट इन्फन्ट्रीत दाखल झाले, लेफ्टनंट कर्नल या हुद्द्यापर्यंत पोहोचले आणि १९५२च्या सुमारास सैन्यातून बाहेर पडले. पुढे मँगनीजच्या खाणी, थोडे राजकारण आणि शेती. आणि वस्ती कायमची जगलबेट येथे, लोंढ्याजवळच्या दाट रानात, म्हणजे मराठी, कोंकणी आणि कानडी या तीन भाषा जेथे एकमेकींच्या अंगणात वावरतात त्या टापूत. शिकारीवर उपजीविका केलेल्या या गृहस्थाने उत्तर आयुष्यात वन्य प्राण्यांच्या रक्षणाचा पक्ष घेतला, ही गोष्ट त्यांच्या कादंबऱ्या वाचताना ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

‘डिस्टंट ड्रम’ (१९६०) ही त्यांची पहिली कादंबरी, आणि माझ्या मते शिल्पाच्या दृष्टीने सैल असूनही सर्वांत प्रामाणिक. तिच्यात एका काल्पनिक सातपुडा पलटणीतील किरण गरुड या अधिकाऱ्याचे आयुष्य ब्रह्मदेशातील लढाईपासून काश्मीरच्या रणभूमीपर्यंत येते. ‘कॉम्बॅट ऑफ शॅडोज’ (१९६२) आसामच्या चहामळ्यात घडते, ‘द प्रिन्सेस’ (१९६३) बेगवाड या कल्पित संस्थानात. या तीनही कादंबऱ्यांना एकच प्रश्न छळतो: प्रसंग अंगावर आला असता मनुष्य उभा राहतो की पळतो? रणांगण आणि अरण्य ही माळगावकरांना दोन स्थळे वाटत नाहीत. दोन्हीकडे जमीन वाचावी लागते, वारा ओळखावा लागतो, आणि दोन्हीकडे भ्याडपणाला साक्षीदार असतो. ‘कॉम्बॅट ऑफ शॅडोज’मध्ये पिसाळलेल्या हत्तीपुढे इंग्रज व्यवस्थापक हेन्री विंटन याचे धैर्य खचते आणि शिकारी किस्तुलाल प्राणास मुकतो, पुढे हाच विंटन निकामी काडतुसांच्या साह्याने एका प्रतिस्पर्ध्याला शिकारीतच मृत्यूच्या तोंडी देतो. हत्ती येथे निसर्ग नाही, परीक्षक आहे. ‘द प्रिन्सेस’च्या अखेरीस संस्थान विलीन होत असता महाराज हिरोजी निःशस्त्र होऊन वाघाला सामोरे जातात. तेथेही वाघ ही सन्मानाने मरण्याची एक सोय आहे.

वाघाचा हा उपयोग मराठी मनाला सर्वथा अपरिचित नाही, पण तो आपल्याकडे उलट दिशेने झाला आहे. पुणतांब्यास गोदावरीच्या काठी चांगदेवांची समाधी आहे. प्रस्तुत लेखक त्याच गावचा असल्यामुळे वाघावर बसून, हाती सर्पाचा चाबूक घेऊन ज्ञानेश्वरांच्या भेटीस निघालेल्या योग्याची कथा त्याला अक्षरओळखीच्या आधीच पाठ झाली होती. त्या कथेत वाघ जिंकलेला आहे, आणि नेमका म्हणूनच तो निरुपयोगी ठरतो. समोरून निर्जीव भिंत चालत येते आणि स्वाराचा अभिमान गळून पडतो. हिरोजी महाराजांना अशी भिंत भेटत नाही. त्यांच्या अभिमानाला उत्तर देणारे कोणी कादंबरीत उभेच केलेले नाही, आणि म्हणून तो मृत्यू भव्य वाटला तरी किंचित नाटकी वाटतो.

आता सर्वनामाकडे वळू. संस्कृतातील ‘वयम्’ आणि इंग्रजीतील ‘वुई’ ही रूपे ऐकणाऱ्याला आत घेतात की बाहेर ठेवतात, हे स्वतः सांगत नाहीत. मराठीत ही मुभा नाही. ‘आपण जाऊ’ म्हटले की ऐकणारा बरोबर येतो. ‘आम्ही जाऊ’ म्हटले की तो दाराशीच राहतो. हा भेद गुजरातीत आहे, तमिळ व तेलुगू या भाषांतही आहे, आणि मराठीत तो द्राविडी शेजारामुळे दृढ झाला असावा असे मानणारा एक पक्ष आहे. त्या वादात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. मुद्दा एवढाच की, मराठी बोलणाऱ्याला प्रत्येक अनेकवचनी वाक्यात सभासदांची यादी निश्चित करावी लागते. इंग्रजीत लिहिणारा ती आयुष्यभर पुढे ढकलू शकतो.

पलटणीविषयीचे लेखन या दृष्टीने वाचले की चमत्कारिक गोष्टी दिसू लागतात. ‘डिस्टंट ड्रम’मधील अधिकारी पलटणीविषयी ज्या ‘वुई’ने बोलतात, त्यात कोण कोण आहे? मेसमधील सहकारी आहेत, यात शंका नाही. निघून गेलेले इंग्रज वरिष्ठ आहेत. त्यांनी घालून दिलेल्या रीतीला कादंबरी जवळजवळ धर्माचे स्थान देते. आणि, हे सर्वांत लक्षणीय, फाळणीनंतर पाकिस्तानच्या सैन्यात गेलेला अब्दुल जमाल हा मित्रही आहे. शस्त्रसंधिरेषेवर गरुड आणि जमाल एकमेकांना भेटतात तो प्रसंग कादंबरीचा कळस होय. दोन राष्ट्रे समोरासमोर उभी असता दोन माणसे ‘आपण’ म्हणू शकतात, हे सांगण्यास १९६० साली धैर्य लागत होते, आणि ते श्रेय माळगावकरांना निःसंकोच दिले पाहिजे. परंतु हे ‘आपण’ सीमेपलीकडे आडवे जितके सहज पसरते, तितके ते खाली उतरत नाही. गरुडाच्या हाताखालील जवान शूर आहे, निष्ठावंत आहे, विनोदीही आहे. पण ज्या ‘वुई’ची प्रतिष्ठा कादंबरी गाते, त्यात त्याला जागा आहे की नाही, हा प्रश्न इंग्रजी भाषेमुळे विचारलाच जात नाही. मराठीत तो पहिल्याच पानावर विचारला गेला असता.

या ठिकाणी जिम कॉर्बेट (१८७५–१९५५) यांची आठवण अपरिहार्य आहे. तेही शिपाई, शिकारी आणि लेखक; पहिल्या महायुद्धात कुमाऊंमधून पाचशे माणसे उभी करून त्यांनी फ्रान्सला नेली, आणि दुसऱ्या महायुद्धात जंगलातील युद्धाचे शिक्षण सैनिकांना दिले. ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं’ (१९४४) या त्यांच्या ग्रंथातील एक संपूर्ण प्रकरण रॉबिन नावाच्या कुत्र्यावर आहे. विणीतील सर्वांत मरतुकडे पिल्लू पंधरा रुपयांना घेतले, त्याचे आधीचे नाव बदलले, आणि पुढे बिबळ्याच्या मागावर माणूस व कुत्रा बरोबरीने चालू लागले. त्या प्रकरणातील ‘वुई’ मराठीत आणताना भाषांतरकाराला अडखळण्याचे कारण नाही: ते ‘आम्ही दोघे’ आहे, वाचक बाहेर, कुत्रा आत. माळगावकरांच्या कादंबऱ्यांत कथानकाची वळणे हत्तीवर आणि वाघावर येतात, म्हणजे समोर उभ्या ठाकणाऱ्या प्राण्यावर. शेजारी चालणाऱ्या प्राण्याला अशी भूमिका मिळत नाही. कॉर्बेटची दृष्टी भाबडी आहे असे म्हणणारे आहेत, आणि राज्यकर्त्यांच्या वात्सल्याचा वास तिला येतो हेही खरे; पण ‘वुई’त कोणाला घ्यावयाचे, हे त्यांनी ठरविलेले दिसते.

कुत्रा हा प्राणी ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांच्या उंबरठ्यावरच बसलेला असतो. व्यासांना हे पुरते ठाऊक होते. आदिपर्वात पांडवांचा कुत्रा अरण्यात एकलव्याला पाहून भुंकतो, कारण तो त्याच्या ‘आम्ही’तला नाही; आणि एकलव्य बाणांनी त्याचे तोंड बंद करतो. महाप्रस्थानिक पर्वात युधिष्ठिर कुत्र्याला बाहेर ठेवून स्वर्गात जाण्याचे नाकारतो. युद्ध, अरण्य आणि कुत्रा हे तीन विषय एका ग्रंथात आणण्यासाठी आपल्याला विलायतेकडे पाहण्याची गरज नव्हती. भाकरी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा तर घरोघरी सांगितली जाते.

असे असूनही शिपायाचा अनुभव मराठी ललित गद्यात फारसा उतरला नाही. विश्राम बेडेकरांच्या ज्या कादंबरीचे नावच ‘रणांगण’ (१९३९), ती घडते बोटीवर. अरण्याचे भाग्य त्या मानाने बरे. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यातील चाकरीत वनवासी लोकांच्या तोंडचे शब्द वेचले, आणि रानाला मराठी परिभाषा मिळाली. रणाला असा कोशकार लाभला नाही. कारणे उघड आहेत. अधिकाऱ्यांची भाषा इंग्रजी. हुकमांची आणि शिक्षणाची भाषा, इंग्रजी अमदानीत, रोमन लिपीत लिहिलेली हिंदुस्तानी. मराठी उरली ती बराकीत आणि घरी धाडलेल्या पत्रात. याच जिल्ह्यातील निमज गावचे नामदेव जाधव हे पलटणीत निरोप्याचे काम करीत. इटलीतील सेनियो नदीच्या काठी ९ एप्रिल १९४५ रोजी त्यांनी दोन जखमी सोबत्यांना गोळीबारातून मागे आणले, शत्रूच्या मशिनगनी बंद पाडल्या, आणि बांधावर चढून मराठ्यांची रणगर्जना करीत मागच्या तुकड्यांना पुढे बोलाविले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हा प्रसंग आपण जाणतो तो प्रशस्तिपत्राच्या कोरड्या इंग्रजीतून. पलटणीची गर्जनादेखील ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ अशी, म्हणजे नाम मराठी राजाचे आणि प्रत्यय हिंदुस्तानीचा. त्या बांधावर, त्या क्षणी, नामदेवरावांच्या मनातले वाक्य ‘आपण’ने सुरू झाले की ‘आम्ही’ने, हे सांगणारे पान मराठीत लिहिले गेले नाही, आणि माळगावकरांसारखा समर्थ लेखकही ते इंग्रजीत लिहू शकला नसता.

म्हणून ‘डिस्टंट ड्रम’चे मराठी भाषांतर व्हावे, आणि ते भाषेच्या अभ्यासकाने पारखावे, अशी माझी सूचना आहे. भाषांतरकाराने जवानांशी बोलणाऱ्या गरुडाच्या तोंडी सरसकट ‘आपण’ घातले, तर मुळात नसलेली समता तेथे शिरेल. सरसकट ‘आम्ही’ घातले, तर गरुड मुळात आहे त्याहून उद्दाम दिसेल. ‘आम्ही’च्या दरबारी, एकवचनी उपयोगाचा धोका वेगळाच, ‘द प्रिन्सेस’मध्ये तो शोभेल, येथे हास्यास्पद होईल. प्रत्येक संवादापाशी थांबून निर्णय करावा लागेल, आणि काही ठिकाणी, विशेषतः ब्रह्मदेशच्या लढाईच्या भागात, एकाच माणसाच्या तोंडी संकटापूर्वी ‘आम्ही’ आणि संकटात ‘आपण’ अशी योजना करावी लागेल, असा माझा अंदाज आहे. शस्त्रसंधिरेषेवरील भेटीचा निर्णय तुलनेने सोपा. तेथे ‘आपण’वाचून गत्यंतर नाही, मात्र दोन्ही मित्रांमागे आपापल्या ठाण्यांत उभ्या असलेल्या पहारेकऱ्यांच्या वाट्याला कोणते सर्वनाम येते, ते त्या प्रकरणाच्या भाषांतरात प्रथम ठरवावे लागेल.