उद्यानाचा मित्र कोण? तिकीट, देणगी आणि हिस्सा

(आखाडा बाळापूर, जि. हिंगोली येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



हिंगोली जिल्ह्यात एकही राष्ट्रीय उद्यान नाही, मग बाळापुरात बसून ही चर्चा कशाला, असं काहींना वाटलं असेल. पण सुट्ट्या लागल्या की आपल्याकडची मंडळी ताडोबाला जातात, जवळ म्हणून टिपेश्वर अभयारण्यात जातात. तिकीट काढतात, जिप्सीत बसतात, आल्यावर वाघाचा फोटो दाखवतात. कुणी एखाद्या संस्थेला देणगीही देतात. यात वाईट काहीच नाही. आम्हाला विचारायचं आहे ते एवढंच, की या सगळ्यात आपण जंगलाचे मित्र होतो की गिऱ्हाईक?

आधी व्यवस्था समजून घेऊ. ताडोबा हे महाराष्ट्रातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, 1955 सालचं. क्षेत्र साधारण 116 चौरस किलोमीटर. शेजारी 1986 मध्ये अंधारी अभयारण्य झालं आणि पुढे दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. त्यात 2006 साली दुरुस्ती झाली आणि कलम 38-एक्स आलं. राज्य सरकारने व्याघ्र प्रकल्पांसाठी संवर्धन प्रतिष्ठान स्थापन करावं, असं ते सांगतं. ताडोबा-अंधारीचं प्रतिष्ठान चंद्रपूरला आहे. नफा कमावणं हा त्याचा हेतू नाही. प्रवेश शुल्काचा पैसा तिजोरीत नाहीसा न होता पुन्हा जंगलाच्या आणि तिथल्या माणसांच्या कामी यावा, बाहेरून मदत मिळवावी, स्थानिकांना सोबत घेऊन पर्यटन चालवावं, संशोधनाला आणि निसर्गशिक्षणाला हातभार लावावा, ही त्याची कामं.

कल्पना उत्तम आहे, हे आम्ही मोकळेपणाने म्हणतो. मोहर्लीला, कोलाऱ्याला जा. गाईड गावातला, जिप्सीचा चालक गावातला, काही ठिकाणी गाईडचं काम बायका करतात. जंगल म्हणजे फक्त बंदी, हे ज्यांच्या मनात बसलं होतं, त्यांच्या घरात जंगलामुळे पगार आला. ‘पर्यटन बंद करा’ म्हणणाऱ्यांनी हे आधी पाहावं. 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने गाभा क्षेत्रातलं पर्यटन काही महिने थांबवलं होतं. नंतर मार्गदर्शक तत्त्वं आली आणि गाभ्याच्या फार तर 20 टक्के भागात पर्यटन चालावं, अशी मर्यादा पडली. म्हणजे प्रश्न पर्यटन हवं की नको हा उरलेला नाही. ते कुणासाठी आणि कशा रीतीने, हा आहे.

आता आमचे आक्षेप.

पहिला, मित्र आणि मालक एकच असण्याबद्दल. अमेरिकेत यलोस्टोन उद्यान 1872 चं. तिथल्या संसदेने 1967 मध्ये नॅशनल पार्क फाउंडेशनला मान्यता दिली. शिवाय एकेका उद्यानाची स्वतंत्र मित्रमंडळं आहेत. अकेडिया उद्यानाचं मित्रमंडळ 1986 पासून चालू आहे. ती पैसा आणतात, स्वयंसेवक आणतात, आणि सरकारच्या बाहेर असल्यामुळे वेळ आली तर प्रश्नही विचारू शकतात. आपल्याकडे प्रतिष्ठानाच्या नियामक मंडळावर अध्यक्ष वनमंत्री, आणि कारभार वनखात्याच्या अधिकाऱ्यांच्या हाती. अधिकारी प्रामाणिक असतील, असतातही. पण ज्याचं काम तपासायचं, त्याच्याच हातात तपासणी, ही रचना बरोबर नाही. मित्राला ‘हे चुकतंय’ म्हणण्याची मुभा हवी. ती नसेल तर त्याला मित्र कशाला म्हणायचं?

दुसरा आक्षेप आपल्या भाषेवर आहे. सफारीहून आलेल्या माणसाला आपण काय विचारतो? ‘सायटिंग झालं का?’ नाही झालं तर पैसे वाया! सहा तास जंगलात राहून, मोहाची झाडं, रानगवे, तळ्यावरचे पक्षी बघूनही हाती काही लागलं नाही, असं त्याला वाटतं. ज्या ताडोबाचं आपण तिकीट काढतो, ते नाव तारू या गोंडांच्या देवाचं आहे. वाघाशी झालेल्या झुंजीत मरण पावलेला गावप्रमुख, अशी त्याची कथा सांगतात. तळ्याकाठी त्याचं ठाणं आहे. पौषात तिथे जत्रा भरायची. म्हणजे पर्यटकाच्या कितीतरी आधी तिथे भाविक होता. तो वाघ बघायला येत नव्हता, वाघाच्या मुलखात नमस्कार करायला येत होता.

तिसरा आक्षेप सगळ्यात गंभीर. आनंद एकाच्या वाट्याला येतो आणि धोका दुसऱ्याच्या. गेटजवळच्या गावाला रोजगार मिळतो. गेट नसलेल्या गावातली बाई मोह वेचायला, तेंदूपत्ता तोडायला पहाटे निघते, तिला वाघ भेटतो. चंद्रपूर जिल्ह्यात असे मृत्यू होत आले आहेत. नवेगाव, जामणीसारखी गावं तर गाभ्यातून उठून बाहेर वसली. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, असं कांट सांगतो. आपल्या वाघ पाहण्याच्या सुखासाठी त्या बाईची पहाट साधन होते आहे का, हे विचारायला नको का?

आणि हा धोका चंद्रपूरपुरताच आहे, असं समजू नका. टिपेश्वरचा रेडिओ कॉलर लावलेला एक तरुण वाघ 2019 च्या जूनमध्ये निघाला. तेलंगणाला शिवून, नांदेड, हिंगोली असा आपल्या भागातून जात डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. एकूण प्रवास 3000 किलोमीटरहून अधिक भरला. तो शेतांतून, नाल्यांतून चालला. वाटेत तो विसावला होता त्या झुडपात काही लोक शिरले, तेव्हा एक जण जखमी झाला. त्या वाटेवरच्या शेतकऱ्याला कुठल्या गेटचा पैसा मिळतो? कुठलाच नाही. उद्यानाला हद्द असते, वाघाला नसते. मग मदतीला हद्द का असावी?

मुंबईचं उदाहरण इथे उपयोगी पडेल. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात 2011 च्या सुमारास वनखातं, अभ्यासक आणि नागरिक एकत्र आले आणि ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम उभा राहिला. त्याचा भर लोकांना बिबट्या दाखवण्यावर नव्हता. बिबट्याशेजारी कसं राहायचं ते समजावण्यावर होता. कचरा उघड्यावर टाकू नका, बिबट्या दिसला की गर्दी करू नका, पत्रकारांनी बातमी भडक करू नये. ही खरी मैत्री, कारण ती आपल्या वागण्यात बदल मागते. नुसती पावती फाडून मोकळं होता येत नाही.

विनोबा दानाचा अर्थ योग्य वाटणी असा सांगत. दान म्हणजे उपकार नव्हे, दुसऱ्याचा हिस्सा त्याला पोचवणं. उद्यानाला दिलेल्या पैशाकडे आपण असं बघायला शिकलं पाहिजे.

म्हणून आमच्या सूचना साध्या आहेत. जाण्याआधी विचारा, माझ्या पैशातला किती गावाला मिळतो? देणगी देण्याआधी संस्थेचा हिशेब मागा. चांगल्या संस्थेला राग येणार नाही. शक्य असेल तर गावातच मुक्काम करा. वाघ दिसला नाही म्हणून गाईडवर चिडू नका. प्रतिष्ठानांनी गेट नसलेल्या गावांना आणि वाघांच्या वाटेवरच्या गावांनाही वाटेकरी करावं, ही मागणी आपल्या जिल्ह्यातूनच जायला हवी. आणि उद्या हळदीच्या किंवा उसाच्या शेतात वाघ आल्याची बातमी आली, तर मोबाईल घेऊन पळू नका, वनखात्याला कळवा. त्या दिवशी घरी थांबणारा माणूस न तिकीट काढता उद्यानाचा मित्र झालेला असेल.

इथे थांबतो. प्रश्न जरूर विचारा.