आठ मिनिटांत न मावणारा पॅन

कार्निव्हलच्या आधीच्या शनिवारी रात्री पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क सव्हाना मैदानावर पॅनोरमाची अंतिम फेरी होते. मोठ्या गटातल्या एकेका स्टीलबँडमध्ये शंभरावर वादक असतात, चाकांच्या लोखंडी सांगाड्यांवर शेकडो पॅन, म्हणजे तेलाच्या पिंपांपासून घडवलेली वाद्यं, चढवलेले असतात आणि हाताशी वेळ असतो फक्त आठ मिनिटांचा. त्रिनिदादच्या या स्पर्धेनं पॅनला जी उंची दिली, ती दुसऱ्या कशानंही दिली नसती. पण आज स्पर्धेबाहेर पॅनला स्वतःचं असं आयुष्य फारसं उरलेलं नाही. या कलेची खरी अडचण तीच आहे.

पॅन बंदीतून जन्मला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश सत्तेनं कार्निव्हलमधल्या ढोलांवर निर्बंध घातले. आफ्रिकी वंशाच्या गरीब वस्त्यांनी मग जमिनीवर बांबू आपटून ताल धरला. पुढे बिस्किटांचे डबे आले, मोटारींचे सुटे भाग आले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास तेलाची पिंपं हाती लागली. पॅन वाजवणारा तो गुंड, असं प्रतिष्ठित घरांतून तेव्हा सर्रास म्हटलं जाई. 1951 मध्ये ‘टास्पो’ हा निवडक वादकांचा संघ ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’साठी लंडनला जाऊन वाजवून आला, तेव्हा कुठे दृष्टी बदलू लागली. 1962 मध्ये देश स्वतंत्र झाला आणि लगेच 1963 मध्ये पहिला पॅनोरमा भरला. अँथनी विल्यम्स यांच्या नॉर्थ स्टार्स या बँडनं तो जिंकला.

या वाद्यामागची कारागिरी जवळून पाहण्यासारखी आहे. पिंपाचा तळ हातोडीनं ठोकत ठोकत खोलगट करतात, त्यावर प्रत्येक स्वराची जागा आखतात, पत्रा तापवतात आणि मग कान लावून एकेक जागा सुरात आणतात. विल्यम्स यांनी स्वर अशा वर्तुळात बसवले की शेजारशेजारच्या जागांत षड्ज-पंचम भाव राहावा. आजचा टेनर पॅन त्याच मांडणीवर उभा आहे. बर्टी मार्शल यांनी मूळ स्वराबरोबर त्याच जागेतले उपस्वरही मिळवून घेतले, आणि पॅनचा खडखडाट जाऊन त्याच्या नादाला गोलाई आली. मोठ्या बँडमध्ये टेनरपासून अख्ख्या पिंपांच्या बासपर्यंत सारी सप्तकं भरलेली असतात. त्यांच्यामध्ये असते ‘इंजिन रूम’: ड्रम, कोंगा आणि मोटारीच्या ब्रेकड्रमवर सळईनं धरलेला ठेका. तो ठेका जरा हलला की सगळा बँड डळमळतो.

एवढ्या ताफ्याकडून वाजवून घेतो तो संगीत संयोजक. जानेवारीपासून रात्र-रात्र पॅनयार्डमध्ये, म्हणजे बँडच्या तालमीच्या आवारात, तो एकेका विभागाला चार-चार मात्रांचे तुकडे शिकवतो. बहुतेक वादक ते ऐकूनच पाठ करतात. क्लाइव्ह ब्रॅडली यांनी डेस्पराडोजकडून, लेन ‘बूगसी’ शार्प यांनी फेज टूकडून असंच काम करून घेतलं. भारतीय वंशाचे जित समारू यांनी रेनेगेड्सला नऊ विजेतेपदं मिळवून दिली. त्यातली 1995 ते 1997 ही तीन सलग. तरी त्यांचं सर्वांत गाजलेलं काम हरलेलं आहे. 1987 मध्ये रेनेगेड्सनं कॅलिप्सो गायक लॉर्ड किचनर यांचं ‘पॅन इन ए मायनर’ वाजवलं आणि विजेतेपद फेज टूला गेलं. आज मात्र देशोदेशींचे स्टीलबँड ‘पॅन इन ए मायनर’ वाजवतात. निकाल आणि संगीताचं मोल या दोन गोष्टी वेगळ्या असतात, याचा याहून चांगला दाखला नाही.

स्पर्धेची रचना मात्र हा फरक ओळखत नाही. गुणांची वाटणी पाहा: संयोजनाला चाळीस, सादरीकरणाला चाळीस, नादाला आणि तालाला दहा-दहा. ज्या नादासाठी घडवणाऱ्यांनी हयात वेचली, त्याच्या वाट्याला शंभरातले दहा गुण. साहजिकच बँड वेगावर आणि चमत्कृतीवर भर देतात. दणदणीत सुरुवात, गाण्याची ओळख, सुसाट ताना, मध्येच मायनरमध्ये वळण, एकाच स्वरवाक्यावर रंगवलेला ‘जॅम’ आणि टाळ्या घेणारा शेवट, हा साचा आता श्रोत्यांनाही पाठ आहे. पूर्वी दहा मिनिटं असत, आता आठ आहेत. रचनेला श्वास घ्यायला जागा होती, तीही आखडली.

दुसरा बदल गाण्यांचा. पूर्वी बँड त्या मोसमात लोकांच्या तोंडी असलेलं कॅलिप्सो गाणं वाजवत. 1972 मध्ये रे होल्मन यांनी स्टारलिफ्टसाठी स्वतःचीच रचना मैदानावर आणली, त्यावर वाद झाला. त्यांचं पाऊल योग्य होतं; वाद्याला स्वतःचं वाङ्मय हवंच. पण पुढे खास पॅनसाठी बेतलेली गाणी वाढली आणि त्यातली कित्येक अंतिम फेरीनंतर कुणी गुणगुणतही नाही. त्याच काळात रस्ताही हातचा गेला. कार्निव्हलच्या सोमवारी-मंगळवारी ज्या बँडांमागे लोक नाचत, त्यांची जागा ध्वनिवर्धकांनी लादलेल्या ट्रकांनी घेतली. स्टीलबँड आजही रस्त्यावर उतरतात, पण मिरवणूक त्यांच्या तालावर चालत नाही.

मानसन्मानाची वाण नाही. पॅन 1992 पासून राष्ट्रीय वाद्य आहे. 2023 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी 11 ऑगस्ट हा जागतिक स्टीलपॅन दिन ठरवला. राजमुद्रेवरच्या कोलंबसच्या तीन जहाजांच्या जागी पॅन आणण्याचा निर्णय 2024 मध्ये जाहीर झाला. वसाहतीची खूण पुसून वस्तीतल्या वाद्याला तिथे बसवणं ही थोर गोष्ट आहे. पण राजमुद्रेवर बसलेल्या वाद्याला वर्षभर व्यासपीठही हवं.

म्हणून पॅनोरमा बंद करा असं कुणी म्हणू नये. त्याच्यामुळेच हजारो तरुण मुलं-मुली दर मोसमात पॅनयार्डमध्ये येतात. त्याच्यावरचा भार मात्र उतरवायला हवा. गेल्या सहा दशकांतली उत्तम संयोजनं स्वरलिपीत उतरवली पाहिजेत, कारण शिकवणारा गेला की ती वादकांच्या हातांतूनही जातात. त्यांतली निवडक संयोजनं स्पर्धेबाहेर, सावकाश लयीत, घड्याळाचा धाक नसताना पुन्हा वाजली पाहिजेत. नादाचे गुण वाढले पाहिजेत. आणि कार्निव्हलच्या दोन दिवसांत काही रस्ते ट्रकांना बंद करून केवळ स्टीलबँडना दिले पाहिजेत. विजेता दर वर्षी ठरतच राहील. पुढच्या पिढीच्या हाती वाजवण्याजोगं काय उरतं, यावर या कलेचं भवितव्य ठरेल.